दाजीचो वाटो

॥ श्री ॥
जाफराबाद, ता. ८ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
यज्ञेशचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आणि एक गोण मेल्विन देईल. पत्र आधी वाच, गोण मग उघड. मेल्विन म्हणजे मालवणच्या आंतोनचा झील. इथून सुक्या मासळीचा ट्रक गोव्याला नेतो आणि कुडाळला चहाला थांबतो. त्याच्याकडून कळलं की माझी अक्का आता दर शनिवारी कुडाळच्या नव्या बाजारात टेबल मांडते, वर ताडपत्री, पुढे पाटी, आणि मागे स्वतः मामलेदारीण होऊन बसते. मला एका शब्दाने बोलली नाहीस. फोनवर तुझं आपलं बरां आसा, जेवलंस काय, ठेव आता. मागे तूच म्हणालीस की फोनवर मी अर्धं खोटं बोलतो, आणि लिहायचं म्हटलं की खोटं लिहायचा मला कंटाळा येतो, म्हणून पत्र घाल. तर घालतोय. सातवीपर्यंतचं शुद्धलेखन आहे, शेजारी वाचून दाखवू नको.

माझं झकास चाललंय. बोट सोडली. तांडेल उठल्यापासून निजेपर्यंत शिव्या घालायचा, आणि मला एका जागी फार काळ बसवत नाही हे तुला नव्याने काय सांगू. आता सुकवणीच्या यार्डात आहे. इथे बांबूंच्या रांगा एवढ्या लांब की दुसरं टोक दिसत नाही, आणि त्यांच्यावर बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. लांबून बघितलं तर सगळ्या गावाचे पांढरे मोजे वाळत घातल्यासारखे दिसतात.

गोणीत तेच आहेत. पहिल्या हाताचे, मी स्वतः निवडलेले. मुंबईहून येणारे चाकरमानी बांगड्याच्या आधी बोंबील विचारतात. तू बिनधास्त मांड आणि कोणी विचारलं तर सांग, मालवणचे. बोंबलाच्या कपाळावर गाव लिहिलेलं नसतं.

रापण सुरू झाली असेल. आपल्या जाळ्याचा तुकडा धड आहे का उंदरांनी खाल्ला? बाबूकाकांना नमस्कार सांग.

लोभ आहेच. गोण खपली की त्यात भर पडेल असा भरवसा आहे.
तुझा,
दाजीचो यज्ञेश


॥ श्री ॥
देवबाग, ता. २१ ऑक्टोबर २०२४

चि. यज्ञेश यास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझी गोण मेल्विनच्या ट्रकात परत चढवली आहे. तोंड मीच दाभणाने शिवलं, वाटेत सांडायला नको. थोडे बोंबील काढून भाजून खाल्ले. चांगले आहेत. पण माझ्या टेबलावर ते चालत नाहीत.

हा बाजार गौरजा म्हणून एक मुलगी चालवते. कुडाळचीच, शेतीचं शिकलेली, वय तुझ्याएवढं, मात्र बूड स्थिर. तिने पहिल्याच शनिवारी सगळ्यांना उभं करून नियम वाचून दाखवला. टेबलावर मांडाल ते याच जिल्ह्यातलं पाहिजे, आणि तुमच्या घराच्या हातचं पाहिजे. पिकवलेलं, पकडलेलं नाहीतर त्यापासून केलेलं. विकत घेऊन विकायचं असेल त्यांना रोजचा बाजार मोकळा आहे. एकाने घाटावरची कोबी आणून माझ्या मळ्यातली म्हणून मांडली. गौरजा त्याचा मळा बघायला गेली, तर तिथे त्याची म्हैस चरत होती. दुसऱ्या शनिवारी तो नव्हता. माझ्या शेजारी कार्मीन कोकमाचं आगळ विकते, ती तर त्यात मीठसुद्धा शिरोड्याच्या आगरातलं घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगते.

तू म्हणशील, काय हा जाच. मला तो जाच वाटत नाही. मालवणात माझ्या खाऱ्या बांगड्याला लागून कुठला कुठला बाहेरचा बांगडा पडलेला असायचा. गिऱ्हाईक दोन्ही उचलून म्हणायचं, एकच तर आहेत. इथे तसं कोणी म्हणत नाही. इथे मला विचारतात की मीठ किती दिवस लावता, ऊन कुठलं देता. असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. हे टेबल गेलं तर बाळा टपून बसलाच आहे. त्याच्या होमस्टेला स्वयंपाकाला बाई हवी आहे. रोज मागच्या दारी येऊन म्हणतो, मथुराक्का, कित्याक उन्हात मरतस, माझ्या पंख्याखाली ये. त्याच्या पंख्याखाली पावण्यांची ताटं विसळायची नाहीत मला, म्हणून हा नियम मी देवासारखा पाळते.

तुकडा धड आहे. पावसाळ्यात मीच विणून काढला. गौरजा कुडाळची, तिला रापण ठाऊक नाही. तिला सांगितलं की हे एका मालकाचं जाळं नव्हे. घराघराचे तुकडे जोडून एक मोठं जाळं करायचं, होडीने ते समुद्रात फिरवून आणायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायच्या, आणि येईल ते वाटून घ्यायचं. तिला फार आवडलं. दिवाळी झाली की बघायला येणार आहे, तसं प्रत्येकाकडे जातेच ती. अर्जात मासळी कोणी पकडली असा रकाना होता. रापणीचे मुख्य म्हणून बाबूकाकांना विचारलं, तर ते जाळं झटकता झटकता म्हणाले, दाजी घाल. घातलं. आपल्या बापसाला, दाजींना, जाऊन सहा वर्षं झाली तरी तुकडा त्यांचा आणि वाटा त्यांचा. रोज सकाळी बाबूकाका किनाऱ्यावर हाक देतात, दाजीचो वाटो, आणि मी टोपली पुढे करते.

अंघोळ करत जा. मेल्विन म्हणत होता तुझ्या शर्टाला लांबून वास येतो.

आशीर्वाद आहेतच, ते घेण्यापुरता तरी एका जागी थांब.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
जाफराबाद, ता. २९ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गोण पोचली. नुसती पोचली नाही, वाजतगाजत पोचली. मेल्विनने यार्डाच्या फाटकातच ओरडून सांगितलं की बहिणीने माल नापास केला. तेव्हापासून इथे मला सगळे नापास म्हणतात. जाफराबादचा बोंबील कुठेकुठे जातो, त्याला आजवर कोणी परत पाठवला नव्हता. तो मान देवबागच्या मथुरेचा.

तुझी ती गौरजा हुशार असेल, पण तिला समुद्र कळत नाही. कोबी एका जागी उभी असते. मासा उभा असतो काय? आज तुमच्याकडे दिसला तो बांगडा उद्या रत्नागिरीला जाईल, परवा कुठे जाईल त्याला तरी माहीत आहे काय? त्याने काय तलाठ्याकडून रहिवासी दाखला आणायचा? हे मी यार्डात सांगितलं तेव्हा एक म्हातारा हसून म्हणाला की दाखला मासा आणत नाही, पकडणारा आणतो. मी त्याला म्हटलं, तुम्ही तुमचे बोंबील टांगा.

बाकी दाजींचं नाव घातलंत ते एक नंबर केलंत. बाबूकाकांचा शब्द आणि त्यावर दाजींचं नाव. अख्ख्या मालवणात कोणाची हिंमत नाही त्याला नाही म्हणायची, तिथे कुडाळ कोण? ती बघायला आली की तिला ताजा बांगडा भाजून घाल, सोलकढी दे, आणि निवांत रहा. तुझं टेबल कुठे जात नाही, माझा शब्द आहे.

माझा इथे फार दिवस राहायचा विचार नाही. पोरबंदरला बर्फाच्या कारखान्यात जागा आहे म्हणतात. एक जण मस्कतचंही बोलतो. बघू. सगळं जमतं मला, जागेवर बसणं तेवढं जमत नाही.

दिवाळीचा फराळ मेल्विनकडे दे. चकल्या जास्त घाल, तो वाटेत निम्म्या खाणार.

लोभ असाच ठेव. गोणीसारखा परत करू नको.
तुझा,
दाजीचो यज्ञेश


॥ श्री ॥
देवबाग, ता. ११ नोव्हेंबर २०२४

चि. यज्ञेश यास,
अ. उ. आ.

फराळ पाठवला आहे. डबा परत पाठव. तुझा शब्द मात्र तुझ्याकडेच ठेव, कारण टेबल बंद झालं आहे.

झालं ते असं. गौरजा मंगळवारी उजाडायच्या आत स्कूटर घेऊन हजर. जाळं यायला वेळ होता. सगळे दोऱ्यांवर होते. ती हसतमुखाने एकेकाचं नाव विचारत गेली आणि मग बाबूकाकांना म्हणाली, दाजी कुठे आहेत, त्यांनाही भेटायचंय. बाबूकाका दोरीवरून नजर न काढता म्हणाले, दाजी? तो खंय आता, तो गेलो. तिला वाटलं कुठे कामाला गेले. विचारलं, कधी येतील? मागच्या दोरीवरून निलेश म्हणाला, येवचे नाय, सहा वर्सां झाली. तरी तिला काही उमगेना. ती म्हणाली, इतकी वर्षं बाहेरगावी आहेत काय? मग कोणीतरी स्मशानाकडे हात केला.

मी माडाखाली टोपली घेऊन उभी होते. मला वाटलं वाळूत पाय रुतून आत जावेत. यज्ञेश, खरं सांगते, अर्ज लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की यात काही चुकतंय. बाबूकाकांना वाटलं नाही. तुलाही वाटलं नाही, उलट एक नंबर म्हणालास. आम्हाला सगळ्यांना दाजींचं नाव एवढं रोजचं झालं आहे की ते आता या जगात नाहीत हे आमच्या ध्यानातच राहत नाही.

आणि वर काय, जाळं आलं, पेडवे आले ढिगाने, वाटे मांडले, आणि बाबूकाकांनी तिच्यासमोर खणखणीत हाक मारली, दाजीचो वाटो! गौरजा माझ्याकडे बघत राहिली. मी टोपली पुढे केली. न करून काय करणार, सवय.

ती चिडली नाही. चिडली असती तर मी भांडले असते. माझ्याबरोबर घरी आली, चहा घेतला, वाळत घातलेले बांगडे बघितले, मिठाची बरणी बघितली. मग म्हणाली, मथुराताई, सुकवणं तुमचं, जाळ्याचा तुकडाही तुमचा, हे मी मानते. पण पकडणारा हात कुठे आहे? तुमच्या घरचं कोण दोरीला लागतं? मी म्हटलं, भाऊ लागत होता, तो गुजरातला गेला, तेव्हापासून कोणी नाही, बाबूकाका दाजींच्या आठवणीने वाटा देतात. ती म्हणाली, ते त्यांचं मोठेपण. पण आज मी मेलेल्या माणसाच्या नावावर मासळी मानली तर उद्या व्यापारी ट्रक भरून आणतील आणि सगळ्यांचे आजे पणजे शेतकरी निघतील. मला राग यायला हवा होता. पण बाई बरोबर बोलत होती.

दत्तजयंतीपर्यंत मुदत आहे. तोवर घरातला पकडणारा हात दाखवायचा, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला. बाळाला कोणी सांगितलं देव जाणे, संध्याकाळी पंख्याबरोबर पगारही वाढवून गेला.

घाबरलेली नाही. विचार करते आहे. दोन्ही वेगळं.

आशीर्वाद, आणि डब्याचं लक्षात ठेव.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
जाफराबाद, ता. १९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि यार्डातून तडक मेल्विनच्या ट्रकात बसणार होतो. मुकादमाने हाताला धरून उतरवलं.

ऐक, हे फार सोपं आहे, तू उगाच डोक्याला लावून घेतेस. माझं नाव घाल. मी दाजींचा झील, मी घरचा, मी दर्यावर्दी. इथे आहे काय आणि तिथे आहे काय, आहे तर मासळीतच. गौरजाला सांग भाऊ मासेमारी करतो. यात खोटं एक अक्षर नाही. ती देवबागात मला शोधायला आली तर तू म्हण, होडीवर गेलाय.

ते नको असेल तर दुसरं. निलेशला सांग. त्याचा धाकटा भाऊ रिकामाच फिरतो. त्याला आपल्या नावावर दोरीला उभा कर, त्याची रोजची मजुरी मी इथून पाठवतो. सगळीकडे असंच चालतं. इथे बोटी एकाच्या, परवाना दुसऱ्याचा आणि जीव तिसऱ्याचा.

तेही नको असेल तर गौरजाचा नंबर दे, मी बोलतो. बोलण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही.

एक मात्र सांगतो, दाजींचं नाव त्यात परत आणू नका. बाबूकाकांनी ती हाक आता बंद केली तरी चालेल. का ते विचारू नको. तू म्हणतेस सवय. तुला सवय झाली असेल.

बाळाला निरोप दे की तुझा पंखा माळ्यावर चढवून ठेव, आमच्या घरची बाई तुझ्याकडे येत नाही.

डबा पाठवला आहे. रिकामा पाठवू नये म्हणतात, म्हणून आत बोंबील आहेत. खायचे, विकायचे नाहीत. कळलं मला आता.

लोभ ठेव, आणि यातला एक तरी उपाय उचल.
तुझा,
दाजीचो यज्ञेश


॥ श्री ॥
देवबाग, ता. ९ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश यास,
अ. उ. आ.

तुझे तिन्ही उपाय वाचले आणि तिन्ही चुलीत घातले. माझा चौथा होता. घरातला हात हवा ना? घरात मी आहे, आणि मला दोन आहेत.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि दोरीकडे गेले. आपल्याकडे बायका टोपल्या उचलतात, वाटे निवडतात, सुकवतात, पण दोरीला कोणी लागत नाही, तुला माहीत आहेच. बाबूकाका आधी हसले. मग मी सरकत नाही म्हटल्यावर कावले. म्हणाले, गो मथुरे, बायलमाणसा दोरी ओढूक लागली तर आमी काय चुलीकडे बसाचा? मी म्हटलं, बसा, तुमच्या हातची कढी एकदा खाऊन बघू. सगळे हसायला लागले तसे ते आणखी तापले, म्हणाले, असा कधी झाला नाय.

तेवढ्यात देवानेच पाठवल्यासारखा बाळा आला, बरोबर त्याचे पुण्याचे पावणे. रोजच आणतो तो त्यांना. रंगीत टोप्या घातलेल्या दोन बायकांनी दोरी धरली, ओढल्यासारखं केलं, फोटो काढले, आणि बाबूकाकांनी आपणहून त्यांच्या हातात बांगडे घातले. दोरीक हात लावलो तो रिकामो जावचो नाय, हे म्हणायलाही ते विसरले नाहीत. मी म्हटलं, काका, पावण्यांका फोटो काढूक दोरी दितास, वर बांगडे दितास. मी पावण्यांपरास उणी काय?

बाबूकाकांनी बिडी पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. मग त्यांनी नुसती मान हलवून दोरीच्या शेपटाकडची जागा दाखवली. ती जागा तुझी होती, त्याआधी दाजींची. तू गेल्यापासून तिथे कोणी उभं राहत नव्हतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

काम सोपं नाही. पाय वाळूत रोवून मागे मागे यायचं, माडापाशी पोचलं की दोरी सोडून पुन्हा पाण्याकडे जायचं आणि पुढून धरायची. पहिल्या दिवशी तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी निलेशने फडकं आणून दिलं. बाबूकाका पुढून ओरडत होते, मथुरे, झोपलंस काय, आणि मी मागून ओरडत होते, काका, तुमीच ढिले पडलास. आता रोज जाते. सोडत नाही.

गौरजा न सांगता आली. यावेळी तिने कोणाला काही विचारलं नाही. कडेला उभी राहून जाळं वर येईपर्यंत बघत होती. मग माडापाशी येऊन म्हणाली, शनिवारी टेबल मांडा. एवढंच. मुदतीच्या आधीच मांडलं. पाटी नवी केली आहे. आधी पाटीवर दाजींचं नाव होतं, आता मथुरा, देवबाग, असं आहे. मुंबईच्या एका माणसाने बोंबील मागितले. म्हटलं, बोंबील आमच्या जाळ्यात येत नाही, माझा भाऊ जाफराबादला आहे तिकडे जा, चांगला देईल. त्याने बांगडे घेतले.

आता एक सांगते, ते तुलाच सांगते. ज्या दिवशी मी पहिल्यांदा दोरी ओढली, त्या दिवशी वाटे मांडल्यावर बाबूकाका माझ्या ढिगाशी आले. सवयीने तोंडातून दाजी एवढं निघालं आणि ते थांबले. माझ्या हातांकडे बघितलं. मग सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, मथुरेचो वाटो! मी टोपली पुढे केली. छाती अशी भरून आली, यज्ञेश, वाटलं तू पाहिजे होतास. घरी आले, टोपली ओट्यावर ठेवली आणि बांगडे तसेच पडून राहिले. मिठाला हात लागेना. सहा वर्षांपूर्वी मी रडले नव्हते, तू होतास, आले गेले होते, जेवणं होती. त्या दिवशी दुपारभर रडले. दाजी आत्ता गेले असं वाटलं.

मग उठले आणि मीठ लावलं. उशीर झाला म्हणून थोडे बांगडे नरम पडले, ते घरातच खाल्ले. टेबलावर मांडले नाहीत.

आशीर्वाद घे, आणि पोरबंदरला जाणार असशील तर पत्ता कळव.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
जाफराबाद, ता. १७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोरबंदरला गेलो नाही. मस्कतच्या माणसालाही नको म्हणून सांगितलं. तुझं पत्र बोंबलांच्या रांगेखाली बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. मुकादम ओरडत होता नापास कुठे गेला. आज मी ओ दिली नाही.

मागच्या पत्रात तुला म्हटलं की त्या हाकेचं विचारू नको. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. दाजी गेले त्यानंतर मी दोरीला लागलो. त्यांच्याच जागेवर. सकाळभर मी ओढायचो, माझे हात सोलायचे, आणि वाटे झाले की बाबूकाका हाक मारायचे, दाजीचो वाटो. आणि मी ओ द्यायचो. सगळे माझ्याकडे असे बघायचे जसं मी काही चांगलं करतोय, बापसाचं नाव चालवतोय. बाबूकाकांचा जीव होता त्यांच्यावर, मला कळत होतं, म्हणून कधी बोललो नाही. पण रोज सकाळी मेलेल्या बापाच्या नावाने जिवंत माणसाने ओ द्यायची, हे किती दिवस करायचं? गावात मी दाजीचो झील, बाजारात दाजीचो झील. मला वाटायला लागलं की मी एक दिवस आलो नाही तरी वाटा येईलच, कारण तो माझा नव्हताच. आणि तसंच झालं ना. मी निघून आलो तरी वाटा येतच राहिला.

तुला वाटतं मला एका जागी बसवत नाही. मलाही तसंच वाटायचं. चार गावं फिरलो, कुठेही लागलो की पहिल्या दिवशी नाव विचारतात आणि मला बरं वाटतं. मग काही दिवसांनी तेही जुनं होतं.

आणि तू काय केलंस? गेलीस, दोरी धरलीस, आणि स्वतःच्या नावाने हाक घेऊन आलीस. मी चार वर्षं ती दोरी ओढली, मला सुचलं नाही. राग आला, खोटं सांगत नाही. मग हसू आलं. पुण्याच्या बायकांच्या टोप्यांनी काम केलं म्हणजे!

आता माझं ऐक, यावेळी उपाय नाही, काम आहे. इथला तो म्हातारा, जो म्हणाला होता की दाखला पकडणारा आणतो, तो जाळी विणतो. रोज काम सुटलं की त्याच्याकडे बसतो. रापणीच्या जाळ्याला लागेल असा नवा तुकडा विणायला घेतला आहे. जाळ्याचे डोळे सारखे येत नव्हते, त्याने तीनदा उसवायला लावलं, आता येतात. शिमग्याच्या आत पुरा करून घेऊन येतो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मेल्विनने बघितला आहे, विचार त्याला. आधी हसला, मग हाताने दोनदा ताणून बघितला.

गौरजाला सांग, एक घर, दोन हात. नाही, चार. आणि बाळाला सांग की पावणे आण, पण दोरीचं शेपूट आता भरलेलं असेल. तुझ्या जागेवर मी येत नाही. ती तुझी. मी तुझ्या पुढे उभा राहीन. मागून ओरडायला तुला तेवढंच कोणीतरी हवं.

बाबूकाकांना माझ्या वतीने एवढं विचार. दाजींच्या तुकड्याशेजारी आणखी एक तुकडा बांधायला जागा आहे का? असेल तर वाटा वेगळा मांडा, लहान असला तरी चालेल. त्यांना म्हणावं, हाकेला ओ द्यायची मला सवय आहे. नाव तेवढं माझं घ्या.

लोभ तिथेच राहू दे, मी येतोच आहे तो न्यायला.
तुझा,
यज्ञेश